अंथरूण आधी, पांघरूण नंतर

निफाडच्या परिसरात घालवलेली पौष महिन्यातील एक रात्र माझ्या चांगली स्मरणात आहे. द्राक्षबागांच्या बांधांवर शेकोट्या धुमसत होत्या, आकाश निरभ्र होते, वारा पडलेला होता. आणि ज्या घरी मी मुक्कामास होतो तेथील मंडळींनी, पाहुण्याची आबाळ होऊ नये म्हणून, माडीवरच्या खोलीत नवारीचा पलंग, त्यावर सतरंजी व धुवट चादर, आणि अंगावर घेण्यास एकावर एक अशा दोन भरदार रजया, असा जय्यत बंदोबस्त करून ठेवला होता. एवढे असूनही मध्यरात्र उलटल्यावर मला जी हुडहुडी भरली ती काही केल्या राहीना. रजया नाकापर्यंत ओढून घेतल्या, गुडघे पोटाशी घेतले, दहा वेळा कूस पालटली. परंतु थंडी जणू पाठीच्या कण्यातूनच वर चढत होती. माझी चुळबुळ ऐकून यजमानांच्या वृद्ध मातोश्री दिवा घेऊन वर आल्या, पलंगाकडे एकवार पाहिले आणि म्हणाल्या, “वरून किती घेशील रे बाबा? थंडी तर खालून येती तुला.” त्यांनी कोनाड्यातून एक काळी घोंगडी काढली, तिची दुहेरी घडी सतरंजीखाली अंथरली, आणि वरची एक रजई खुशाल परत नेली. त्यानंतर मला जाग आली ती उन्हे खिडकीत आल्यावर.

त्या माउलीने पाच मिनिटांत जे केले त्यात या प्रकरणाचा सारा विषय आलेला आहे. हिवाळा लागला म्हणजे आपण पांघरुणाचा विचार करतो. दुकानात जातो, हात फिरवून मऊपणा पाहतो, उचलून वजन पाहतो आणि जे सर्वांत जड ते सर्वांत उबदार असे गृहीत धरून पैसे मोजतो. मराठी भाषा मात्र या बाबतीत आपल्याहून अधिक जाणती आहे. ‘अंथरूण-पांघरूण’ असा जोडशब्द ती वापरते, संस्कृतातील ‘आस्तरण’ आणि ‘प्रावरण’ यांच्याशी त्या दोन शब्दांचे नाते कोशकार सांगतात, आणि त्या जोडीत अंथरुणाचा मान पहिला आहे. शरीराची ऊब वरच्या बाजूने जेवढी जाते तेवढीच, आणि कित्येकदा त्याहून अधिक, खालच्या बाजूने जाते, हे ज्याने एकदा ध्यानात घेतले त्याची थंडीच्या रात्रीची निम्मी विवंचना मिटली.

याचे कारण समजून घेण्यासाठी प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. कोणतेही पांघरूण ऊब निर्माण करीत नाही. ऊब निर्माण करणारी भट्टी आपणच आहोत. निद्रिस्त प्रौढ मनुष्याच्या देहातून दर क्षणी सुमारे सत्तर वॅट इतकी उष्णता बाहेर पडत असते, म्हणजे जुन्या पद्धतीचा एखादा मध्यम विजेचा दिवा रात्रभर पेटता ठेवावा तितकी. ही उष्णता किती वेगाने निसटू द्यावयाची एवढेच अंथरूण-पांघरुणाच्या हाती असते. आणि हे कार्य कापूस, लोकर किंवा पीस स्वतः करीत नाही, तर त्यांच्या तंतूंच्या जाळ्यात अडकून पडलेली निश्चल हवा करते, ही गोष्ट प्रयोगाने दाखवून देण्याचे श्रेय बव्हेरियाच्या चाकरीत असलेल्या काउंट रम्फर्ड यास आहे. अमेरिकेत जन्मलेल्या या बहुगुणी गृहस्थाने १७९२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील प्रयोगांत, काचेच्या गोलकात उष्णतामापक ठेवून त्याभोवती समान वजनाचे रेशीम, लोकर, कापूस, सशाची लव, बदकाचे मऊ पीस असे पदार्थ पाळीपाळीने भरले, ते सर्व उकळत्या पाण्यात तापवले आणि मग थंडीत ठेवून पारा किती वेळात उतरतो ते मोजले. सशाची लव आणि पीस यांनी उष्णता सर्वांत अधिक वेळ धरली. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते दुसरेच निरीक्षण: मोकळे रेशीम भरले असता जी ऊब टिकली ती त्याच वजनाचे रेशीम पिळदार धाग्याच्या रूपात भरले असता टिकली नाही. पदार्थ तोच, वजन तेच. भेद एवढाच की पिळाने तंतूंमधली हवा हुसकून लावली होती.

निफाडच्या पलंगावर माझे काय चुकले होते ते आता स्पष्ट होईल. वरची रजई फुललेली असते, तिच्यातील हवा शाबूत असते. अंगाखालचे अंथरूण मात्र आपल्याच भाराने चेपते. त्यातील हवा निघून जाते आणि उरतो तो केवळ कापडाचा पातळ थर. त्यातून नवारीचा पलंग म्हणजे चहूबाजूंनी उघडा, त्याच्या पट्ट्यांच्या फटींतून गार हवा सतत खेळणारी. उन्हाळ्यात जी सोय सुखाची, तीच थंडीत पाठीशी वैर धरते. म्हणून अंगाखाली घ्यावयाची वस्तू चेपल्यावरही थोडीफार फुगीर राहील अशा तंतूंची असावी, हा अंथरुणाचा पहिला नियम होय. आणि या परीक्षेत दख्खनी मेंढीची राठ लोकर जशी उतरते तशी फार थोडी द्रव्ये उतरतात.

या लोकरीविषयी थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही. माणदेशात, सांगोला, म्हसवड, आटपाडी या पट्ट्यात, तसेच कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीच्या आसपास, धनगरांच्या कळपांतील काळ्या मेंढ्यांची लोकर साधारणपणे वर्षातून दोनदा कातरली जाते. ती पिंजून, तिचे सूत कातून ते सणगर विणकरांकडे जाते, आणि ते खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावर घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंचाने दिलेली असते. म्हणून नवी घोंगडी ताठ लागते आणि तिला एक विशिष्ट दर्प असतो, जो वापराने व उन्हाने हळूहळू निवळतो. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. त्या जावळाची घोंगडी सर्वांत मऊ आणि अर्थातच सर्वांत महाग. न विणता लोकर दाबून, जमवून केलेला जो जाड बुरणूस तो बैठकीस व अंथरण्यास उत्तम.

हा राठपणा अनेकांना दोष वाटतो. वस्तुतः तोच गुण आहे. दख्खनी लोकरीचा तंतू जाड, वाकवला तरी उसळून पूर्ववत होणारा. त्यामुळे त्यावर रात्रभर निजले तरी सकाळी घोंगडी पुन्हा फुललेली दिसते. टोचणी लागते हे खरे, परंतु तिच्यावर एक सुती चादर घातली की ती तक्रार उरत नाही. आणि लोकरीचा दुसरा गुण तर याहूनही अद्भुत आहे. आपल्या त्वचेतून आणि श्वासातून न दिसणारे बाष्प अहोरात्र बाहेर पडते. घाम न येताही दिवसरात्रीत मिळून सुमारे पाऊण लिटर पाणी असे निघून जाते आणि त्यातील रात्रीचा वाटा अंथरूण-पांघरुणाला सोसावा लागतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के इतके बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि ते शोषताना किंचित उष्णताही सोडते. कळपामागे रानोमाळ फिरणारा मेंढपाळ दंवात भिजलेली घोंगडी पांघरून का निजू शकतो, याचे उत्तर येथे आहे. एकदा चिंब झालेली लोकर मात्र पाणी सहजासहजी सोडत नाही, आणि ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार रेंगाळलेल्या कामाला आपण लावतो तो या अनुभवातूनच.

कापसाची गोष्ट निराळी आहे. कापूस कोरडा असताना मऊ, उबदार, अंगाशी लडिवाळपणे वागणारा. पण तो ओलसर झाला की त्याचे तंतू लोळागोळा होतात, मधली हवा जाते आणि तिची जागा पाणी घेते, जे हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. यासाठी कापसाच्या गादीला दोन गोष्टी अत्यावश्यक: उन्हे आणि पिंजण. खांद्यावर धनुकली घेऊन, तिची तात झंकारत गल्लीतून जाणारा पिंजारी ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की वर्षाचे दडपलेले, गाठी झालेले सरकीसारखे टणक गोळे त्याच्या हाताखालून कसे ढगासारखे फुलून बाहेर पडत. ‘नदाफ’ हे आपल्याकडील आडनाव अरबी-फारसीच्या वाटेने आलेले असून त्याचा अर्थच कापूस पिंजणारा असा आहे. हा कारागीर काही नवे द्रव्य गादीत भरीत नसे. तो हवा परत आणून देत असे. गादीसाठी कापूस निवडताना लांब धाग्याचा, तलम वस्त्रांचा कापूस मागू नये. देशी जातींचा आखूड, जाडसर, किंचित खरबरीत कापूस गादीत अधिक काळ फुललेला राहतो. उशीसाठी सावरीचा कापूस घ्यावा. त्याचा तंतू पोकळ, पाण्याला दूर ठेवणारा आणि इतका निसरडा की त्याचे सूत कातणे कठीण, म्हणूनच तो भरण्याच्या कामी आला.

रजई, चादर, गालिचा, तक्क्या हे शब्द आपल्याकडे फारसीच्या मार्गाने आले, आणि त्यांच्याबरोबर दरबारी बैठकीचा थाटही आला. पेशव्यांच्या पुण्यात तंबू, बिछायती यांची व्यवस्था पाहणारे एक खातेच होते, ज्याचे नाव फरासखाना या रूपाने शहरात अद्याप नांदत आहे. त्या परंपरेतील रजईने एक गोष्ट मात्र सिद्ध करून दाखवली आहे, ती ही की भार म्हणजे ऊब नव्हे. जयपूरची रजई एवढ्याचसाठी नावाजली जाते: अवघा पावभर कापूस इतका बारकाईने पिंजून, साफ करून तो पातळ कापडाच्या दोन पदरांत पसरतात की अंगावर काही घेतले आहे असे वाटू नये आणि थंडी मात्र अडावी. दुकानात रजई घेताना तिचे वजन पाहण्याऐवजी ती मुठीत दाबून सोडावी आणि ती किती चपळाईने वर येते ते पाहावे. दुसरे, टाके पाहावेत. टाके विरळ असतील तर दोनचार धुण्यांत कापूस एका कोपऱ्यात जमून मधे नुसते कापड उरते, आणि थंडी नेमकी तेथूनच शिरते. टाके अतिशय दाट असतील तर प्रत्येक टाक्यापाशी रजई चेपून हवेचा कप्पा मोडतो.

टाक्यांचा विषय निघाला की गोधडी आठवते. घाटावर काही भागांत तिला वाकळ म्हणतात. जुनेरी लुगडी, विरलेली धोतरे, पोरांच्या आखूड झालेल्या बंड्या, असे घरातले सारे निवृत्त कापड एकावर एक थरांत मांडून धावदोऱ्याने शिवलेली ही वस्तू दारिद्र्याची खूण म्हणून कित्येक घरांतून माळ्यावर गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते. शास्त्रदृष्ट्या पाहिले तर एक जाड कापड आणि तितक्याच वजनाची पाच-सहा पातळ कापडे यांत फार अंतर आहे, कारण दर दोन पदरांमध्ये हवेचा एक पापुद्रा सापडतो. शिवाय वापरून वापरून मऊ झालेल्या सुताचा स्पर्श कोणत्याही गिरणीच्या नव्या कापडाला येत नाही. तान्ह्याच्या दुपट्यासाठी आजीचे लुगडेच का शोधले जाते, यात माया आहे तशी ही जाणही आहे. दासोपंतांनी आपले ‘पंचीकरण’ ज्या पासोडीवर लिहिले ती अंबाजोगाईची पासोडी प्रसिद्ध आहे. अंगावर घ्यावयाच्या जाड वस्त्राला आपल्या लोकांनी किती विश्वासाने जवळ केले, याचे तिच्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

सोलापुरी चादरीविषयी थोडक्यात सांगतो. जॅकार्ड मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, भौगोलिक मानांकन मिळालेली ही घट्ट विणीची सुती चादर टिकाऊपणात अजोड आहे. मराठवाड्यात किंवा पुण्याकडे कार्तिकातील गारव्याला ती एकटी पुरते. पण घट्ट वीण म्हणजे कमी हवा. कडाक्याच्या थंडीत तिला एकटीला पाठवू नये, रजईच्या किंवा गोधडीच्या वर घ्यावी. तेथे ती वारा अडवते आणि खालच्या थरातील हवा स्थिर ठेवते.

बाजारात हल्ली कृत्रिम तंतूंची चकचकीत, लवदार ब्लँकेटे सर्वत्र दिसतात. ती स्वस्त आहेत, लवकर वाळतात, त्यांना कसर लागत नाही. प्रवासात आणि पावसाळी गारव्यात त्यांची उपयुक्तता मी नाकारीत नाही. परंतु पॉलिएस्टर बाष्प जवळजवळ शोषीतच नाही. निजताना गोड ऊब, पहाटे मात्र अंग चिकट आणि ती चिकटी थंड झाली की हुडहुडी, असा अनुभव ज्यांना येतो त्यांनी ते ब्लँकेट अंगाशी न घेता मधे एक मुरलेली सुती चादर घ्यावी. पानिपतच्या गिरण्यांतून येणारी, जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू सोडवून पुन्हा कातलेली ब्लँकेटे गोरगरिबांच्या फार उपयोगी पडतात. त्यांतील तंतू आखूड झालेले असल्याने ती लवकर झिजतात इतकेच.

आता कोणी काय घ्यावे? याचे उत्तर प्रांतागणिक बदलते. कोकणात थंडी सौम्य पण हवा दमट. तेथे कापसाची जड रजई वर्षभर ओल धरून बसते, म्हणून दोन गोधड्या किंवा एक गोधडी व एक पातळ लोकरी शाल ही योजना बरी. नाशिक, अहिल्यानगर, पुण्याचा उत्तर भाग येथे हवा कोरडी, आकाश मोकळे, त्यामुळे जमीन रात्री झपाट्याने निवते. निफाडास तर कित्येक वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. येथे अंगाखाली लोकर अनिवार्य समजावी. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी ज्या रात्री दंव गोठते त्या रात्रीही हाच क्रम. नागपूर-गोंदियाकडे थंडी कोरडी आणि पारा १० अंशांखाली जाणारा, कापूसही घरचा. तेथे दरसाल पिंजलेल्या गादीवर चांगली रजई असली की दुसरे काही लागत नाही.

एक सूचना पायांसंबंधी. झोप लागण्यापूर्वी शरीर आपला आतला ताप हातापायांच्या वाटेने बाहेर सोडते, आणि तो सुटल्याशिवाय झोप लवकर येत नाही. १९९९ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी, ज्यांचे हातपाय उबदार त्यांना झोप लवकर लागते असे दाखवून दिले. गार पायांच्या शिरा आकसलेल्या असतात, म्हणून निजण्यापूर्वी पायांना तेल चोळणे, पायमोजे घालणे किंवा गरम पाण्याची पिशवी अंथरुणात काही वेळ ठेवून मग काढून घेणे, हे उपाय तिसऱ्या रजईहून गुणकारी ठरतात. डोक्यावरून पांघरूण घेण्याची सवय मात्र सोडावी. श्वासातले बाष्प आत कोंडून कापूस ओलावतो, त्यापेक्षा कानटोपी पुष्कळ बरी.

दोन गोष्टी मी आग्रहाने, अगदी हात जोडून सांगतो. बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून निजण्याची जी चाल बाळंतिणीच्या खोलीत आणि म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी अजून आढळते, ती प्राणघातक आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. शेगडीने खोली उबवायची असेल तर निजण्यापूर्वी, दार उघडे ठेवून, आणि निजताना ती बाहेर. दुसरी गोष्ट वर्षाच्या आतील तान्ह्यांची: त्यांच्या अंगावर सुटी, जड रजई घालू नये, जवळ मऊ उशा रचू नयेत, तोंडावर आलेले पांघरूण त्यांना दूर करता येत नाही. उबदार अंगडे-टोपडे आणि अंगाबेताचे नीट गुंडाळलेले हलके दुपटे, एवढेच त्यांना हितकर.

निगेचे म्हणाल तर, मार्गशीर्ष लागण्यापूर्वी माळ्यावरचे सारे बाहेर काढून सलग तीन-चार दिवस कडक उन्हात घालावे, आणि दुपारी उलटून दुसरी बाजू द्यावी. उन्हाने ओल जाते, तंतू सुटे होतात, आणि ओलीवर पोसणारे सूक्ष्म कीटकही कमी होतात. उन्हे उतरण्यापूर्वी आत घ्यावे. संध्याकाळचा गारवा लागला की कापूस दिवसभरात घालवलेली ओल पुन्हा ओढून घेतो. लोकरीला गरम पाणी लावू नये आणि पिळू नये. तंतू एकमेकांत गुंतून घोंगडी आक्रसते व जाडजूड नमद्यासारखी होते. चैत्रात ती परत ठेवताना पूर्ण कोरडी करून, घड्यांत वेखंड आणि सुकवलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवावी. कसरीच्या अळ्या लोकरच खाऊन वाढतात आणि अंधारी, न हलवलेली घडी त्यांना फार मानवते; म्हणून पावसाळ्याच्या उघडिपीत एकदोनदा घडी मोडून झाडणे हा त्यातला सर्वांत खात्रीचा उपाय.

माझ्या स्वतःच्या खोलीत आता क्रम ठरलेला आहे. सर्वांत खाली दुहेरी घोंगडी, तिच्यावर देशी कापसाची बेताच्या जाडीची गादी, तिच्यावर सुती चादर. अंगावर प्रथम आजीच्या लुगड्यांची गोधडी, तिच्यावर हलकी रजई. आणि एक सोलापुरी चादर घडी करून पायगतीला ठेवलेली. निजताना तिची गरज नसते. परंतु शरीराचा ताप पहाटेच्या सुमारास सर्वांत खाली येतो, आणि बाहेरचा पाराही तोवर तळाजवळ गेलेला असतो. त्या वेळी डोळे न उघडता पाय लांबवून ती चादर वर ओढून घ्यावी. तोवर कोठे तरी दूर पहिला कोंबडा आरवलेला असतो.